एम७७७ हॉवित्झर

एम७७७ ही १५५ मिलिमीटर व्यासाची, वाहनामागे जोडून ओढत नेली जाणारी अतिहलकी तोफ आहे. तिचे वजन सुमारे ४,२०० किलोग्रॅम असून याच व्यासाच्या बहुतेक ओढत्या तोफांच्या तुलनेत ते निम्म्याहूनही कमी आहे. ब्रिटनमधील बॅरो-इन-फर्नेस येथे व्हिकर्स कंपनीने तिचा आराखडा तयार केला. पुढे हा व्यवसाय बीएई सिस्टिम्स या कंपनीकडे गेला. अमेरिकेच्या मरीन दलात ही तोफ २००५ मध्ये दाखल झाली. अमेरिकेखेरीज कॅनडा, ऑस्ट्रेलिया, भारत आणि युक्रेन या देशांची सैन्ये ती वापरतात. भारताने २०१६ मध्ये अशा १४५ तोफा विकत घेण्याचा करार केला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये नाशिकजवळील देवळाली येथे त्या लष्कराच्या सेवेत औपचारिकरीत्या दाखल झाल्या.

या तोफेविषयीची बहुतेक चर्चा तिच्या पल्ल्यावर आणि किमतीवर होते. तिचे लष्करी महत्त्व मात्र या दोहोंत नसून वजनात आहे. तोफ किती दूर मारते याआधी ती कुठवर पोहोचते हा प्रश्न येतो, आणि डोंगराळ मुलखात त्याचे उत्तर वजनावर ठरते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या प्रश्नाचा सर्वांत ठळक दाखला पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात १७७९ मध्ये घडला. आज भारतीय तोफांच्या संशोधनाचे आणि निर्मितीचे एक प्रमुख केंद्रही याच पुणे परिसरात आहे.

पूर्वपीठिका: बोरघाट आणि तळेगाव, १७७८–७९

पहिल्या इंग्रज–मराठा युद्धात रघुनाथरावांना पेशवेपदावर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांनी १७७८ च्या अखेरीस पनवेलमार्गे पुण्यावर फौज पाठवली. कॅप्टन स्टुअर्टच्या तुकडीने आधीच पुढे जाऊन खंडाळ्याजवळ घाटमाथा धरला होता. मुख्य फौज मात्र डिसेंबरात घाट चढली. सुमारे ३,९०० लढवय्यांच्या या फौजेबरोबर तोफा, दारूगोळा आणि रसद वाहण्यासाठी एकोणीस हजारांहून अधिक बैल होते, अशी नोंद ग्रँट डफने केली आहे. म्हणजे दर शिपायामागे जवळजवळ पाच बैल. घाटात गाडीरस्ता नव्हता. तोफा चढवण्यासाठी वाट करून घ्यावी लागली आणि बैलांसाठी चारा रोज शोधावा लागला.

परिणाम वेगावर झाला. घाटमाथ्यावरून कार्ल्यापर्यंतचे जेमतेम आठ मैलांचे अंतर कापण्यास या फौजेला सुमारे अकरा दिवस लागले. मराठ्यांनी समोरासमोर मोठी लढाई देण्याचे टाळले. मराठ्यांच्या तोफखान्याचे प्रमुख भिवराव पानसे यांनी वाटेत मारा करून इंग्रजांना बेजार केले, तर महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके यांच्या फौजांनी भोवतीचा मुलूख ओसाड करून रसद तोडली. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ तोफेचा गोळा लागून स्टुअर्ट ठार झाला. मराठी बखरींतून आणि लोककथांतून ‘इष्टुर फाकडा’ या नावाने ओळखला जाणारा तो हाच.

९ जानेवारीस इंग्रज तळेगावला पोहोचले, तेव्हा गाव जाळून रिकामे केलेले होते. पुणे आता दोन-तीन मजलांवर राहिले होते. तरीही अन्न संपत आल्याने ११ जानेवारीच्या रात्री माघारीचा निर्णय झाला. अवजड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलण्यात आल्या आणि साठे पेटवून देण्यात आले. ज्या तोफांसाठी एवढा उशीर सोसला, त्या एकाही निर्णायक लढाईत उपयोगी न पडता पाण्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी वडगावजवळ मराठ्यांनी फौजेला घेरले आणि महिन्याच्या मध्यास वडगावचा तह झाला. वडगाव मावळ येथे या विजयाचे स्मारक आणि महादजी शिंदे यांचा पुतळा आहे.

या मोहिमेच्या अपयशाची राजकीय कारणे अनेक होती. इंग्रज सेनापती आणि त्यांच्यावर नेमलेली समिती यांच्यातील बेबनाव हे त्यांपैकी एक. परंतु तोफखान्याच्या दृष्टीने दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात. तोफेचे वजन हा पहिला भार. तोफेला खाऊ घालणाऱ्या दारूगोळ्याचे आणि तो वाहणाऱ्या जनावरांचे वजन हा दुसरा. दुसरा भार पहिल्यापेक्षा मोठा होता. आधुनिक हलक्या तोफेचे मूल्यमापन करताना हा फरक पुन्हा समोर येतो.

मावळातली अडचण पुढे रस्त्यांनी सोडवली. ४ मार्च १८१८ रोजी कर्नल प्रॉथरच्या फौजेने वेढ्याच्या तोफांसह येऊन विसापूर घेतला, आणि शेजारचा लोहगड दुसऱ्याच दिवशी न लढता पडला. बोरघाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात खुला झाला आणि १८६३ मध्ये घाटातून रेल्वे धावू लागली. आज द्रुतगती मार्गावरून अठरा टनांची तोफ नेणे ही अडचणच राहिलेली नाही. भारताच्या उत्तर आणि ईशान्य सीमेवर मात्र १७७८ सालचा बोरघाट अजून जागोजाग आहे.

रचना

एम७७७ च्या नळीची लांबी तिच्या आतील व्यासाच्या ३९ पट, म्हणजे सुमारे सहा मीटर आहे. नळी पोलादाचीच आहे. वजनातील बचत तोफगाड्यात आणि पाळण्यात होते, कारण हे भाग मुख्यतः टायटॅनियमच्या मिश्रधातूचे आहेत. टायटॅनियमची घनता पोलादाच्या सुमारे ५७ टक्के असते आणि त्याच्या मिश्रधातूंची ताकद चांगल्या पोलादाच्या बरोबरीची असते. मात्र तो महाग आहे, त्याचे यंत्रण अवघड आहे आणि जोडकाम करताना हवेचा संपर्क टाळावा लागतो. या तोफेची किंमत चढी असण्याचे हे एक मुख्य कारण आहे.

तोफ हलकी केली की दुसरी अडचण उभी राहते. सुमारे ४५ किलोग्रॅमचा गोळा सेकंदाला सातशे-आठशे मीटर वेगाने बाहेर पडतो, तेव्हा तोफेला बसणारा प्रत्याघात तोफेचे वजन पाहून कमी होत नाही. अवजड तोफ आपल्या वजनाच्या जोरावर तो पचवते. हलकी तोफ उडेल किंवा उलटेल. एम७७७ मध्ये यावर दोन उपाय केले आहेत. नळी जमिनीपासून शक्य तितकी खाली बसवली आहे आणि पुढे दोन व मागे दोन असे लांब पसरणारे चार पाय दिले आहेत. मागच्या पायांची टोके फावड्यासारखी जमिनीत रुततात. त्यामुळे प्रत्याघाताचा बराचसा भाग तोफेला उचलण्याऐवजी जमिनीत दाबला जातो. खडकाळ किंवा गोठलेल्या जमिनीवर ही फावडी नीट रुतत नाहीत. तेथे जागा आधी तयार करावी लागते.

साध्या गोळ्याने पल्ला सुमारे २४ किलोमीटर, रॉकेटची जोड असलेल्या गोळ्याने सुमारे ३० किलोमीटर आणि उपग्रहाच्या साहाय्याने दिशा साधणाऱ्या एक्सकॅलिबर गोळ्याने सुमारे ४० किलोमीटर आहे. उंच प्रदेशात हवा विरळ असल्याने गोळ्याला होणारा विरोध घटतो आणि हेच आकडे वाढतात. १९९९ च्या कारगिल युद्धात बोफोर्स तोफांनाही हा लाभ मिळाला होता. त्याच कारणाने सपाट प्रदेशातील नेमबाजीची कोष्टके तेथे चालत नाहीत.

तोफेला स्वतःचे इंजिन नाही. बोफोर्सच्या एफएच-७७बी तोफेवर एक छोटे इंजिन असते आणि त्याच्या बळावर ती थोडे अंतर आपली आपण सरकते. एम७७७ ला जागा बदलायची तर ओढणारे वाहन किंवा माणसांचे हात लागतात. सज्ज होण्यास तिला साधारण तीन मिनिटे आणि आवरून निघण्यास दोन मिनिटे लागतात, असे निर्मात्यांचे म्हणणे आहे. सरावलेल्या तोफचींच्या हातून आणि चांगल्या जमिनीवर ते शक्य आहे.

भारताची खरेदी

१९८६ मध्ये स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी ४१० तोफांचा करार झाला आणि त्यावरून उठलेल्या लाचखोरीच्या वादाने देशाचे राजकारण ढवळून निघाले. त्यानंतर जवळजवळ तीन दशके भारतीय लष्करात १५५ मिलिमीटरची एकही नवी तोफ आली नाही. कारगिलच्या युद्धात बोफोर्सने बजावलेल्या कामगिरीमुळे या व्यासाची गरज सिद्ध झाली होती. १९९९ मध्येच तोफखान्याच्या आधुनिकीकरणाची दीर्घ योजनाही आखण्यात आली. निविदा निघत राहिल्या, चाचण्या होत राहिल्या, कंपन्या काळ्या यादीत जात राहिल्या. तोफ येत नव्हती.

हलक्या तोफेसाठी म्हणूनच खुल्या स्पर्धेऐवजी अमेरिकी सरकारकडून थेट खरेदीचा मार्ग स्वीकारला गेला. २०१० मध्ये अमेरिकेने संभाव्य विक्रीची सूचना प्रसिद्ध केली. प्रत्यक्ष करार ३० नोव्हेंबर २०१६ रोजी झाला. किंमत सुमारे ७३.७ कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ५,००० कोटी रुपये होती. १४५ पैकी २५ तोफा तयार स्वरूपात यायच्या होत्या आणि उरलेल्या १२० तोफांची जुळणी महिंद्र उद्योगसमूहाच्या सहकार्याने भारतात व्हायची होती. सात रेजिमेंट या तोफांनी सज्ज करण्याचे ठरले.

पहिल्या दोन तोफा मे २०१७ मध्ये आल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोखरण येथे भारतीय दारूगोळ्यासह चाचणी चालू असताना एका तोफेच्या नळीचे मोठे नुकसान झाले. कोणी जखमी झाले नाही, पण चाचण्या लांबल्या. परदेशी तोफ आणि देशी दारूगोळा यांचे जुळणे गृहीत धरता येत नाही, हे या घटनेने दाखवून दिले. गोळा, भुकटी आणि नळी यांचा मेळ प्रत्येक तोफेसाठी नव्याने तपासावा लागतो आणि नेमबाजीची कोष्टकेही त्यातूनच तयार होतात.

९ नोव्हेंबर २०१८ रोजी देवळाली येथे तत्कालीन संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांच्या उपस्थितीत एम७७७ आणि के-९ वज्र या तोफा लष्करात दाखल झाल्या. के-९ वज्र ही रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी तोफ आहे. याच समारंभात तोफ ओढणारे सहा चाकी देशी वाहनही दाखल झाले. देवळालीचे तोफखाना विद्यालय हे भारतीय तोफचींच्या प्रशिक्षणाचे मुख्य केंद्र असून तेथील ‘तोपची’ या वार्षिक प्रात्यक्षिकात ही तोफ सर्वसामान्यांच्या पाहण्यात येते.

सीमेवरील वापर

एम७७७ ची निवड मुख्यतः चीनलगतच्या सीमेसाठी झाली. तेथे अनेक ठिकाणी दऱ्याखोऱ्यांतून जाणारा एकच रस्ता असतो, पूल ठरावीक वजनच पेलतात आणि पावसाळ्यात दरडी कोसळतात. बारा-तेरा टनांची तोफ तिच्या वाहनासह अशा रस्त्यावर आली की वळणावळणावर अडते. त्याआधी ही जागा १०५ मिलिमीटरच्या भारतीय हलक्या तोफेने भरून काढली होती. तिचे वजन अडीच टनांहून कमी आहे, पण पल्ला सुमारे १७ किलोमीटर आणि गोळा बराच लहान. एम७७७ मुळे मोठ्या गोळ्याचा मारा प्रथमच त्या उंचीवर सहज पोहोचू लागला. २०२० मध्ये पूर्व लडाखमध्ये तणाव वाढल्यानंतर आणि पुढे अरुणाचल प्रदेशातही या तोफा तैनात झाल्या.

तोफ हेलिकॉप्टरखाली लटकवून नेता येते हा तिचा सर्वांत गाजलेला गुण. त्यासाठी चिनूक हेलिकॉप्टर लागते. भारतीय वायुसेनेकडे अशी १५ हेलिकॉप्टर असून त्यांपैकी पहिली मार्च २०१९ मध्ये चंडीगढ येथे सेवेत दाखल झाली. हा आकडा महत्त्वाचा आहे. युद्धप्रसंगी हीच हेलिकॉप्टरे रस्तेबांधणीची यंत्रे, जवान, इंधन आणि जखमी यांच्यासाठीही लागतील. उंचीवरच्या विरळ हवेत त्यांची भार उचलण्याची क्षमताही घटते. म्हणून हवाई वाहतूक ही निवडक प्रसंगांची सोय आहे, रोजची पद्धत नव्हे. एम७७७ चा रोजचा लाभ अधिक साधा आहे: लहान वाहन, अरुंद वळण आणि कच्चा पूल तिला पुरतो.

तोफेमागचा भार

शंभर गोळ्यांचे वजन सुमारे साडेचार टन होते. म्हणजे शंभर गोळे झाडायचे तर तोफेपेक्षा जड ओझे डोंगरावर चढवावे लागते, आणि त्यात प्रणोदक भुकटी धरलेली नाही. तोफ एकदाच वर जाते. गोळे रोज जावे लागतात. अमेरिकी मरीन दलाच्या एका तोफखाना तुकडीने २०१७ मध्ये सीरियातील रक्का शहराच्या लढाईत सुमारे पाच महिन्यांत ३५,००० गोळे झाडले. एवढ्या गोळ्यांचे वजन पंधराशे टनांहून अधिक भरते. त्या माऱ्यात दोन तोफांच्या नळ्या निकामी झाल्या. तेथे वाळवंटी सपाट प्रदेश आणि ट्रकचे रस्ते होते. लडाखच्या एखाद्या कड्यावर त्याच्या दशांश मारा करायचा म्हटले, तरी वाहतुकीचे गणित पूर्णपणे बदलते.

याचा अर्थ हलकी तोफ निरुपयोगी ठरते असा नाही. तळेगावच्या तळ्यात गेलेल्या तोफा हलक्या असत्या तर फौज लवकर पुढे सरकली असती, पण एकोणीस हजार बैलांपैकी बरेचसे तरीही लागलेच असते. हलकी तोफ पहिला भार कमी करते, दुसरा नाही. दुसऱ्यावर उपाय म्हणजे कमी गोळ्यांत काम साधणे. बालाकोट हल्ल्यानंतर २०१९ मध्ये तातडीच्या खरेदीतून एक्सकॅलिबर गोळे घेण्यात आले, त्यामागे हा विचार दिसतो. नेमका लागणारा एक गोळा अनेक साध्या गोळ्यांची वाहतूक वाचवतो. मात्र तो आयात करावा लागतो आणि त्याची दिशा उपग्रहांच्या संकेतांवर अवलंबून असते. शत्रूने ते संकेत बुजवले तर अचूकता घटते. युक्रेनमध्ये नेमके हेच घडले.

युक्रेनमधील अनुभव

एप्रिल २०२२ पासून अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाने युक्रेनला शंभराहून अधिक एम७७७ तोफा दिल्या. सुरुवातीस या तोफांची अचूकता आणि पल्ला यांमुळे रशियन तोफखान्याला चांगलाच तडाखा बसला. पुढे दोन मर्यादा उघड झाल्या. अखंड माऱ्याने नळ्या झिजू लागल्या आणि दुरुस्तीसाठी तोफा आघाडीपासून दूर न्याव्या लागल्या. त्याहून गंभीर प्रश्न ड्रोनचा होता. मारा केल्यावर तोफ आवरून, वाहनाला जोडून निघेपर्यंतचा वेळ शत्रूच्या ड्रोनला पुरेसा ठरला आणि लॅन्सेटसारख्या स्फोटक ड्रोनांनी बऱ्याच तोफा टिपल्या. ज्या तोफा टिकल्या त्या बहुतांशी झाडीत किंवा खणलेल्या जागेत जाळ्यांखाली दडवलेल्या होत्या. तोफांच्या हानीमुळे सुट्या भागांची मागणी एवढी वाढली की जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकी लष्कराने टायटॅनियमच्या मुख्य सांगाड्यांसाठी बीएई कंपनीला नवे काम दिले.

२०२४ मध्ये अमेरिकी लष्करातील वरिष्ठ अधिकाऱ्यांनी ओढत्या तोफांची परिणामकारकता संपत आल्याचे मत जाहीरपणे मांडले. ते जसेच्या तसे हिमालयाला लागू होत नाही. युक्रेनच्या मैदानात चाकांवरची तोफ मारा करून दहा मिनिटांत कुठल्याही दिशेला निघून जाऊ शकते. एकच रस्ता असलेल्या खोऱ्यात तिला जायला जागाच नसते आणि तो रस्ता शत्रूलाही माहीत असतो. तेथे कड्याच्या आडोशाला, वाहन पोहोचणार नाही अशा जागी बसवलेली हलकी तोफ अधिक सुरक्षित राहू शकते. मात्र त्यासाठी तोफ उचलण्याची सोय हाताशी हवी आणि आकाशावर लक्ष ठेवणारी यंत्रणाही बरोबर हवी.

पुणे परिसरातील तोफनिर्मिती

पाषाण येथील आयुध संशोधन व विकास संस्थेने २०१३ पासून आधुनिक ओढत्या तोफेचा प्रकल्प हाती घेतला. एटीएजीएस या नावाने ओळखली जाणारी ही तोफ १५५ मिलिमीटर व्यासाची असून नळीची लांबी व्यासाच्या ५२ पट आहे. तिने चाचण्यांत सुमारे ४८ किलोमीटरचा पल्ला गाठला. सप्टेंबर २०२० मध्ये पोखरण येथे चाचणीत तिची नळी फुटून चौघे जखमी झाले, त्यामुळे प्रकल्प लांबला. मार्च २०२५ मध्ये अशा ३०७ तोफा आणि त्या ओढणारी वाहने यांसाठी सुमारे ६,९०० कोटी रुपयांचे करार झाले. त्यांतील मोठा वाटा पुण्याच्या भारत फोर्जला आणि उरलेला टाटा समूहाच्या कंपनीला मिळाला.

या तोफेचे वजन सुमारे १८ टन, म्हणजे एम७७७ च्या चौपटीहून अधिक आहे. करारांची रक्कम तोफांच्या संख्येने भागली तर एका एम७७७ मागे सुमारे ३४ कोटी आणि एका एटीएजीएसमागे वाहनासह सुमारे २२ कोटी रुपये येतात. करारांत समाविष्ट बाबी वेगळ्या असल्याने ही तुलना ढोबळ आहे, पण दिशा स्पष्ट आहे: चौथ्या हिश्श्याहून कमी धातूची तोफ महाग पडते आणि तिचा पल्लाही कमी असतो. या दोन तोफा एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत. पंजाब-राजस्थानात एटीएजीएस उजवी आहे. तिचे गुण अरुणाचलच्या वाटेवर पोहोचण्यापूर्वीच संपू शकतात.

मावळ तालुक्यात तळेगाव येथे लार्सन अँड टुब्रो कंपनीचा संरक्षण उत्पादनाचा कारखाना आहे. पाषाणच्याच संस्थेने विकसित केलेल्या पिनाका अग्निबाण प्रणालीचे प्रक्षेपक तेथे तयार होतात. लोणावळ्यातील आयएनएस शिवाजी ही नौदलाची अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था असून तिचा तोफखान्याशी संबंध नाही; लष्करी संस्थांच्या यादीत तिचा उल्लेख होतो म्हणून हे नमूद करणे आवश्यक ठरते.

सद्यस्थिती

भारत फोर्जने टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचा वापर करून १५५ मिलिमीटरची हलकी तोफ स्वतः तयार केली असून ती संरक्षण प्रदर्शनांत मांडली आहे. लहान ट्रकवर बसवलेली डोंगरी तोफही याच समूहाने विकसित केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये समूहाला १५५ मिलिमीटरच्या तोफांसाठी १५.५ कोटी डॉलरची निर्यात मागणी मिळाली. हलकी टायटॅनियम तोफ मात्र भारतीय लष्कराच्या नियमित सेवेत आलेली नाही. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी संरक्षण सामग्री परिषदेने आयुर्मान संपलेल्या १०५ मिलिमीटरच्या भारतीय तोफांच्या जागी नवी ओढती तोफ घेण्यास तत्त्वतः मान्यता दिली. तिच्या वजनाची मर्यादा किती कडक ठेवली जाते यावर ती डोंगराळ सीमेवर वापरता येईल की नाही हे अवलंबून राहील. तोपर्यंत हेलिकॉप्टरखाली लटकवून नेता येणारी १५५ मिलिमीटरची तोफ म्हणून लष्कराची सारी भिस्त एम७७७ च्या सात रेजिमेंटवर आहे.